बरणीतला खार

कैरीच्या फोडी संपल्या की लोणचं संपलं, असं शहरात मानतात. आमच्याकडं, मंगळवेढ्याच्या काळ्या शिवारात, तिथून पुढं खाराचा हिशेब सुरू व्हायचा. खार म्हणजे फोडींच्या तळाशी बसलेला दाट मसाला. मोहरीची डाळ, मेथी, हळद, तिखट, हिंग, मीठ, कैरीचा सुटलेला आंबट रस आणि वर करडईचं तेल. फोड पाहुण्याच्या ताटात, खार घरच्यांना.

मंगळवेढं म्हणजे ज्वारीचं कोठार. दुष्काळात बादशहाची कोठारं लोकांसाठी उघडी केली म्हणून ज्यांचं नाव घेतात, त्या दामाजीपंतांचं गाव. पण मी डोळ्यांनी पाहिला तो १९७२ चा दुष्काळ. हस्त कोरडा गेला, शाळू पेरायचाच राहिला. आई नि थोरली चुलती पाझर तलावाच्या कामावर माती उचलायला जाऊ लागल्या. अशा कामांतूनच पुढं रोजगार हमीचा कायदा आला. १९७७ साली झाला, १९७९ पासून लागू. वि. स. पागे यांचं नाव त्यात मोठं आहे, आणि ते योग्यच आहे. मस्टरवर आईचंही नाव असेल. तिच्या भाकरीवर काय होतं, ते कुठल्या कागदावर यायचं?

भाकरी मिलोची. अमेरिकेतून आलेली ही तांबडी ज्वारी रेशनवर मिळायची. थापताना कडा चिरायच्या आणि चवीला शाळूची गोडी नाही. शेंगा नाहीत म्हणून चटणी नाही, डाळीला हात लावायची सोय नाही. घरात कोरड्यास म्हणून उरली ती मृगाच्या आधी घातलेल्या लोणच्याची बरणी. फोडी दिवाळीपर्यंतच संपल्या होत्या.

आजी त्या खारावर घर चालवायची. हुलग्याच्या माडग्यात चमचाभर खार पडला की वेगळं मीठ-तिखट नको. शेवग्याचा पाला तव्यावर परतला की वरून खार. ज्वारीच्या कण्यांत खार. पिठलं तर पिठापेक्षा पाण्याचंच जास्त, त्याला खारानं चव यायची. कामावरच्या फडक्यात भाकरी दुमडताना मधे खाराची बोटभर रेघ. मला वाटायचं, आजी चिंगूस आहे. एकदा मी दोन बोटं जास्त घेतली तर तिनं हातावर पळी मारली होती.

बरणीला हात लावायचा हक्क फक्त तिचा. कावळा शिवलेल्या बाईची सावली पडली तरी लोणच्याला बुरा येतो, असा नेम. आई त्या चार दिवसांत त्या कोपऱ्याकडं फिरकायचीही नाही. माघात आजी तापानं फणफणली. पहाटे दोघींना कामावर निघायचं होतं, चुलती पाण्याला गेलेली, आणि आई तशातली. रिकामी भाकरी घेऊन निघालेल्या आईला आजीनं अंथरुणातनंच हाक मारली.

"सूनबाई, हात धू. पदराला पूस. मग काढ खार."

आई जागची हललीच नाही.

"आगं, काढ! पाण्याचा थेंब तेवढा जाऊ देऊ नगं."

आईनं दादरा सोडला, कोरड्या पळीनं खार काढला, पुन्हा बांधला. मी जवळच उभा होतो. नंतरचे आठ-दहा दिवस मी रोज चोरून दादरा उचलून बघायचो. बुरा कुठं दिसला नाही. यायचा तो ओल्या हातानं येतो. मीठ, आंबट आणि वरचं तेल धड असेल तर बरणी टिकते. आजीला हे ठाऊक असणारच, नाहीतर थेंबाचं तिनं सांगितलं नसतं. मग इतकी वर्षं आईला लांब का ठेवलं, हे मी तिला कधी विचारलं नाही. आईनंही नाही.

शिमग्याच्या सुमारास बरणीचा तळ लागला. आजी बरी झाली होती, पण ते काम तिनं आईलाच सांगितलं. आईनं बरणीत गरम पाणी ओतलं, खळखळून हलवलं आणि त्या पिवळसर पाण्यात मिलोचं पीठ मळून धपाटी केली. पहिलं धपाटं आजीनं मागून घेतलं.