डांग्या खोकल्याच्या दोन लसी

श्रोतेहो, डांग्या खोकला ज्याने घरात पाहिला, त्याला तो सांगावा लागत नाही. मूल खोकता खोकता निळे पडते, मोठ्याने श्वास ओढते नि ओकते. अगदी तान्हे बाळ असेल तर कधी खोकतही नाही. त्याचा श्वासच थांबतो.

या रोगाचा जंतू बॉर्दे आणि झांगू यांनी १९०६ साली वेगळा केला. पुढे १९३० नंतर अमेरिकेत पर्ल केन्ड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग या दोघींनी अख्खा जंतू मारून त्याची खात्रीची लस बनवली. तिने रोग हटला. पण टोचल्यावर मूल तापे, मांडी सुजे.

जपानात १९७४-७५ च्या हिवाळ्यात लस टोचल्यानंतर दोन बालके दगावली. लोक बिथरले, टोचणे मागे पडले. परिणाम काय झाला? १९७९ साली साथ आली. तेरा हजारांवर रोगी झाले, ४१ जण दगावले. मग युजी सातो यांनी जंतूचे मोजके अंश शुद्ध करून दुसरी लस काढली. ती तेथे १९८१ पासून सुरू झाली. तिने ताप कमी येतो.

मग दुसरीच बरी, असे कोणी म्हणेल. पण तिचे बळ लवकर ओसरते. ही लस रुळलेल्या कॅलिफोर्नियात २०१० साली नऊ हजारांवर रोगी झाले, दहा तान्ही मुले गेली. शिवाय ती महाग. म्हणून आपल्या सरकारी लसीकरणात अख्ख्या जंतूचीच लस आहे. आता ती पाच रोगांच्या एकत्र लसीतून मिळते.

आपल्याकडे खरी अडचण निराळीच. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला, तरी पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाट आजही तुटते. त्यात पहिल्या टोचणीने मूल तापले की आई म्हणते, "आता पुरे!" आणि एका टोचणीवर तर भागत नाही. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात, मग १६ ते २४ महिन्यांत आणि पुन्हा पाच-सहा वर्षांच्या वयात, अशा पाच टोचण्या हव्यात.

गुरुजींनो, पालकांना एवढेच सांगा: ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. जास्त चढला, मूल सुस्त पडले किंवा झटके आले, तर लगेच दवाखाना गाठा. पण साध्या तापाला भिऊन पुढची टोचणी चुकवू नका. जपानने ती चूक केली, त्याची किंमत लेकरांनी दिली.