पुंगळीचे कूळ

काँक्रीटमध्ये किंवा पोलादी तुळईत खिळा ठोकण्याच्या दारूच्या यंत्रात गोळी नसलेले, नुसत्या बाराचे काडतूस वापरतात, आणि अमेरिकेत लहान शिकारीसाठी निघालेल्या रिमफायर काडतुसांपैकी सर्वांत वेगवान असलेल्या ‘पॉइंट १७ विंचेस्टर सुपर मॅग्नम’ची पुंगळी अशाच पॉइंट २७ मापाच्या खिळ्याच्या काडतुसावरून घेतलेली आहे. हे नाते योगायोगाचे नसून रिमफायरच्या साऱ्या इतिहासाची गुरुकिल्ली त्यातच आहे.

रिमफायर म्हणजे ज्याचे ठिणगी पाडणारे स्फोटक तळाच्या मधोमध नव्हे, तर दुमडलेल्या किनारीच्या पोकळीत भरलेले असते असे काडतूस. चाप ओढताच पिन ती किनार चेपते आणि बार उडतो. साहजिकच चेपली जावी म्हणून किनार पातळ हवी, तर दाब सोसावा म्हणून पुंगळीचे पितळ जाड हवे, हा या जातीचा जन्मजात पेच होय.

हा पातळपणा आला कुठून? १८४५ मध्ये पॅरिसच्या लुई-निकोला फ्लोबेर याने ठासणीच्या बंदुकीवर बसवायची तांब्याची टोपीच घेऊन तिच्या तोंडात शिशाची बारीक गोळी बसवली, आणि दिवाणखान्यात नेमबाजी करण्याजोगे काडतूस तयार झाले. त्यात वेगळी दारू नव्हती, म्हणून जनकत्वाचा मान १८५७ च्या स्मिथ अँड वेसनच्या ‘पॉइंट २२ शॉर्ट’ला द्यावा, असा एक पक्ष आहे. दारूची भर ही मोठी सुधारणा खरीच. परंतु कूळ ठरते ते पुंगळीच्या भिंतीवरून, आणि ती भिंत टोपीचीच राहिली. पुढे ‘लाँग’ची पुंगळी व ‘एक्स्ट्रा लाँग’ची ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमची गोळी यांच्या मिलाफातून १८८७ मध्ये ‘पॉइंट २२ लाँग रायफल’ घडले. कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक जिंकले, तेही याच काडतुसावर.

२००२ मध्ये पॉइंट २२ मॅग्नमच्या पुंगळीची मान आवळून ‘पॉइंट १७ एचएमआर’ निघाले. त्याच्या १७ ग्रेनच्या गोळीने सेकंदाला सुमारे २,५५० फूट वेग गाठला, तेव्हा त्याचे श्रेय प्लॅस्टिकच्या टोकाच्या हलक्या गोळीला दिले गेले. हे मत अर्धेच खरे आहे. गोळी हलकी करून वेग वाढतो, पण दाबाची मर्यादा पितळच ठरवते. लाँग रायफलला दर चौरस इंचावर २४,००० पौंडांची मर्यादा आहे, ती ३३,००० पर्यंत नेता आली ती खिळ्याच्या काडतुसाच्या जाड भिंतीमुळेच, आणि म्हणूनच सुपर मॅग्नमची २० ग्रेनची गोळी ३,००० फुटांवर पोहोचली. टोपीचा वारसा अखेर कारखान्याने मोडला.

निवड करताना मात्र हा वेग दुधारी ठरतो. प्रेअरी डॉगसारख्या शेताची नासाडी करणाऱ्या, न खाल्ल्या जाणाऱ्या प्राण्यावर दूरवरून नेम धरायचा असेल, तर वाऱ्याने कमी ढळणारी पॉइंट १७ सरस आहे. परंतु तीच बारीक गोळी आदळताच फुटते आणि खारीच्या खांद्यावर लागली तर मांसाचा चेंदा होतो. त्यामुळे हिकरीच्या झाडाखाली खाण्यासाठी खार टिपणाऱ्याने, पंचवीस-तीस पावलांवरून डोक्याचा नेम धरून, ध्वनीपेक्षा कमी वेगाची ४० ग्रेनची पॉइंट २२ च वापरावी; तिचा आवाज दबका येतो आणि मागचे पाय व पाठ शाबूत राहतात.