बाप्तिस्मा : एका ग्रीक शब्दाचे मराठी देशांतर

माणसांप्रमाणे शब्दांनाही देशांतर घडते. पंचांगातील ‘होरा’ आणि व्यवहारातील ‘दाम’ हे मूळचे ग्रीक शब्द. परंतु आपल्या भाषेत ते असे मुरले आहेत की, त्यांचे परकेपण आज कोणाच्या ध्यानीही येत नाही. असाच एक ग्रीक शब्द छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, लासूर स्टेशनच्या मुलखातील ख्रिस्ती कुटुंबांच्या बोलण्यात आढळतो. तो शब्द म्हणजे ‘बाप्तिस्मा’. या भागात एकोणिसाव्या शतकात प्रथम प्रॉटेस्टंट व मागाहून कॅथलिक मिशनरी आले, आणि त्यांच्याबरोबर हा शब्दही खेड्यांत पोहोचला. त्याच्या अंती असलेला ‘स्मा’ त्याचे कुळ सांगतो. इंग्रजी उच्चारापेक्षा मूळ ग्रीक रूपाशीच त्याचे नाते निकटचे आहे.

ग्रीक भाषेत ‘बाप्टो’ म्हणजे बुचकळणे. रंगारी कापड रंगात बुडवी, त्यासही हेच क्रियापद योजीत. त्यापासून ‘बाप्टिझो’ झाले. ग्रीक लेखक ते बुडणाऱ्या जहाजांविषयी वापरीत. शुभवर्तमानांत भोजनापूर्वीच्या शुद्धीसाठी ते आले आहे आणि यार्देन नदीतील योहानाच्या दीक्षेसाठीही. मार्काच्या दहाव्या अध्यायात तर येशू स्वतःवर ओढवणाऱ्या यातनांनाच बाप्तिस्मा म्हणतो, आणि पौलाच्या लेखी तो ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे होय. धुणे, रंगणे, बुडणे आणि मरून पुन्हा उठणे, एवढा अर्थविस्तार या एका शब्दाच्या पोटी आहे.

मग त्याचे भाषांतर करावयाचे कसे? हा प्रश्न केवळ कोशकारांचा नव्हता. विल्यम कॅरीने श्रीरामपुराहून 1811 साली मराठी नवा करार छापला. तो बाप्तिस्ट पंथाचा. पाण्यात पूर्ण बुडविल्यावाचून हा विधी होत नाही, असे त्या पंथाचे मत. इतर पंथ मस्तकी पाणी शिंपडणे पुरेसे मानीत. बंगाली नव्या करारात या शब्दाचे ‘बुडविणे’ अशा अर्थाचे भाषांतर केल्यावरून बायबल सोसायट्यांशी वाद झाला, आणि बाप्तिस्टांनी अमेरिकेत 1836 साली व इंग्लंडात 1840 साली आपल्या निराळ्या संस्था काढल्या. मराठी बायबलात मात्र ग्रीक शब्दच राहिला. पुढे कॅथलिक मराठीत ‘स्नानसंस्कार’ हा शब्दही रूढ झाला.

मराठीपुरती एक अडचण आणखी होती. ‘स्नान’ म्हटले की आपल्या मनापुढे रोजची आंघोळ अथवा पैठणची गोदावरी उभी राहते. ‘बुडविणे’ म्हटले तर आपल्याकडे कर्ज बुडते, कूळ बुडते, धर्म बुडतो! आणि धर्मांतर करणाऱ्यावर समाजाचा आरोप नेमका हाच असे. ज्या क्रियेला शास्त्रात नवा जन्म म्हटले, तिलाच घरची माणसे ‘बाटणे’ म्हणत. 1895 च्या फेब्रुवारीत कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाईंनी कित्येक वर्षांच्या मनःकष्टांनंतर 1900 साली तो घेतला. पौलाने सांगितलेले मरण त्या दोघांनी आपापल्या परीने भोगले, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु टिळक तेथेच थांबले नाहीत. 1917 साली सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला आणि बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्याचे द्वार मोकळे ठेविले. विधीचा त्यांनी अवमान केला नाही. मात्र जो विधी माणसास देवाशी जोडण्यासाठी आहे, तो माणसामाणसांत भिंत होऊन उभा राहावा, हे त्यांना मानवले नाही. 1919 साली त्यांचे देहावसान झाले आणि तो प्रयोग फार काळ टिकला नाही. प्रश्न मात्र उरला.

परका शब्द जसाच्या तसा ठेवण्यात भाषांतरकारांची अडचण होती, तशी एक सोयही होती. ‘बुडविणे’ या शब्दाला चिकटलेला कलंक त्याला लागला नाही, आणि त्यात अर्थ भरण्याचे काम कोशांऐवजी माणसांच्या आयुष्यांवर येऊन पडले. आज लासूरकडील एखाद्या घरी तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याची तारीख ठरते, तेव्हा ग्रीक व्युत्पत्ती कोणास आठवत नाही आणि आठवण्याचे कारणही नाही. मुलाच्या कपाळी पाणी पडते, त्यास नाव मिळते, शेजारपाजार जेवावयास येतो. बुडण्यासाठी योजलेला शब्द अशा रीतीने माणसे जोडू लागतो, तेव्हा त्याचे भाषांतर पुरे झाले असे समजावे.