रंजक गणिताची परिभाषा : बंगळुरू आणि देवळाली

विसाव्या शतकातील भारतीय रंजक गणिताच्या इतिहासात बंगळुरू आणि नाशिकजवळील देवळाली ही दोन स्थळे परस्परांच्या संदर्भात अभ्यासण्याजोगी आहेत. १९२९ साली बंगळुरूत जन्मलेल्या शकुंतलादेवी सर्कशीतील कलावंताची कन्या. औपचारिक शालेय शिक्षण त्यांना लाभले नाही. द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) देवळालीत शाळाशिक्षक होते. दोघांचेही कार्य विद्यापीठीय गणिताच्या परिघाबाहेर घडले.

१८ जून १९८० रोजी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात शकुंतलादेवींनी दोन तेरा-अंकी संख्यांचा गुणाकार २८ सेकंदांत तोंडी सांगितला. या प्रकाराचे स्वरूप नाट्यप्रयोगाचे आहे : कर्ता एक, उरलेले सारे प्रेक्षक. कापरेकरांचा खेळ वाचकालाच कर्ता करतो. चारही अंक समान नसलेली कोणतीही चार-अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी. आलेल्या उत्तरावर, शून्यासह चार अंक राखून, तीच क्रिया करीत जावे. ३५२४ पासून अनुक्रमे ३०८७, ८३५२ आणि ६१७४ मिळतात. कोणत्याही संख्येपासून आरंभ केला तरी अधिकात अधिक सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे तीच येत राहते.

मात्र ही विभागणी काटेकोर मानता येत नाही. ‘फिगरिंग : द जॉय ऑफ नंबर्स’ (१९७७) या पुस्तकाद्वारे शकुंतलादेवींनी रंगमंचावरील विद्या वाचकांच्या हाती दिली. त्याच्या शीर्षकातील आनंदाचे कापरेकरांच्या परिभाषेशी असलेले नाते लक्षणीय आहे. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जाणाऱ्या १८ सारख्या संख्यांना त्यांनी ‘हर्षद’, म्हणजे हर्ष देणारी, असे नाव दिले. अन्य संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून जी सिद्ध होत नाही, अशी २० सारखी संख्या त्यांच्या लेखी ‘स्वयंभू’ ठरली.

मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील सदरात कापरेकरांचा परिचय करून दिल्यावर हे खेळ जगभर पोहोचले, नावांचा प्रवास मात्र एकसारखा झाला नाही. ‘स्वयंभू’ इंग्रजीत ‘सेल्फ नंबर’ या रूपात रुळली आणि देवत्वसूचक अर्थच्छटा गळाली. ‘हर्षद’ टिकली; परंतु आयव्हन निव्हन यांच्या १९७७ मधील व्याख्यानानंतर तिला ‘निव्हन संख्या’ हे पर्यायी नावही मिळाले.

संख्येचा गुणधर्म भाषांतराने बदलत नाही. आनंद हा संख्येचाच गुण आहे, हा ‘हर्षद’ या शब्दातील दावा मात्र व्यक्तिनामात उरत नाही. म्हणूनच रंजक गणिताचा इतिहास हा विक्रमांच्या नोंदींइतकाच शब्दांचाही इतिहास ठरतो.