ल्युकाची एकोणचाळीस आकडी संख्या

१७० १४१ १८३ ४६० ४६९ २३१ ७३१ ६८७ ३०३ ७१५ ८८४ १०५ ७२७. ध्वनिक्षेपकासमोर ही संख्या वाचताना मी तिच्या नावाशीच अडलो. ‘लीलावती’तली अठरा स्थाने परार्धाला संपतात, इथे आकडे एकोणचाळीस. शेवटी एकेक आकडाच म्हणत गेलो.

दोनचा १२७ वा घात घेऊन त्यातून एक वजा केला, की ही संख्या मिळते. ती मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज तिला काहीही निःशेष भागत नाही, हे १८७६ साली एदुआर ल्युका या फ्रेंच गणितज्ञाने दाखवले. तेही हाताने हिशेब करून.

पॅरिसचे धर्मगुरू मर्सेन यांनी १६४४ मध्ये अशा घातांची एक यादी छापली होती. तीत ६७ होता, १२७ही होता. सिद्धता मात्र नव्हती. भागून पाहावे म्हटले, तर नुसते विषम भाजक घेऊन सेकंदाला एक भागाकार केला तरी वीस हजार कोटी वर्षे लागतील.

ल्युकाने भागून पाहणेच टाळले. त्याची रीत अमेरिकन गणिती लेमर यांनी १९३० मध्ये सोपी केली. श्रोतेहो, कागद घ्या. दोनचा पाचवा घात वजा एक म्हणजे ३१. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा: १४. पुन्हा तेच: १९४. याला ३१ ने भागून बाकी ८. पुन्हा: ६२, बाकी शून्य. घात पाच, म्हणून पायऱ्या दोनने कमी, तीन. तिसऱ्या पायरीला शून्य आले, ३१ मूळ ठरली! आपल्या संख्येसाठी अशा १२५ पायऱ्या. हे गुणाकार करायला ल्युकाने १२७ घरे लांब आणि तितकाच रुंद पट कल्पिला होता.

त्याच वर्षी त्याने ६७ चा दावा खोटा ठरवला, एकही भाजक न सांगता! भाजक आहेत एवढेच त्याला कळले होते. ते कोल यांनी १९०३ मध्ये दिले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मला ल्युकाचे हे न पाहता ओळखणे अधिक थोर वाटते.

चकत्यांचा ‘हनोईचा मनोरा’ हा खेळही त्याचाच, १८८३ चा. १८९१ मध्ये एका मेजवानीत बशी फुटून उडालेला तुकडा त्याच्या गालाला लागला, जखम चिघळली आणि तो गेला. वय ४९.

त्याच्या संख्येचा विक्रम १९५१ पर्यंत, पंचाहत्तर वर्षे टिकला. त्या वर्षी केंब्रिजच्या संगणकाने ७९ आकडी मूळ संख्या दिली. ती बनवली होती ल्युकाच्याच संख्येचा वर्ग १८० ने गुणून, त्यात एक मिळवून.

ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झालेल्या मूळ संख्येत ४,१०,२४,३२० आकडे आहेत. तिची खात्रीही ल्युका-लेमर कसोटीनेच केली गेली. सेकंदाला दोन आकडे म्हटले, तर ती वाचायला मला रेडिओवर अहोरात्र जवळजवळ आठ महिने लागतील.