तळटीप : 'वऱ्हाडचे युवराज'

अमरावतीतल्या राजापेठेच्या प्रकरणात हा उल्लेख ओघात आला आहे. त्यावरून अमरावतीवर कुणी युवराज राज्य करीत होता असा समज होऊ नये. वऱ्हाडचा कारभार निजामाने १८५३च्या तहाने इंग्रजांकडे सोपवला. १९०२मध्ये वर्षाला २५ लाख रुपये खंडावर तो कायमचा त्यांच्याकडे गेला आणि पुढच्या वर्षी प्रदेश मध्य प्रांताला जोडला गेला. निजामाचे सार्वभौमत्व मात्र कागदावर शाबूत राहिले. त्याच हक्काची बूज राखण्यासाठी १९३६च्या करारानंतर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार', म्हणजे वऱ्हाडचे युवराज, हा किताब मिळाला. राजापेठेतला शेतसारा भरायचा तो इंग्रजांच्या खजिन्यात; युवराज राहायचे हैदराबादेत.

किताबाचे पहिले आणि शेवटचे धनी आझम जाह. त्यांच्या पत्नी दुर्रुशेहवार या अखेरचे उस्मानी खलिफा दुसरे अब्दुलमजीद यांच्या कन्या. लग्न १९३१ साली फ्रान्समधील नीस येथे झाले. वडिलांची गादी मात्र आझम जाह यांना मिळाली नाही. निजाम मीर उस्मान अली खान यांनी थोरल्या मुलाला डावलून नातू मुकर्रम जाह यांना वारस नेमले आणि १९६७मध्ये निजामपद थेट नातवाकडे गेले. आझम जाह १९७०मध्ये वारले. पुढच्याच वर्षी २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे रद्द झाले.