सातबारा : चावडीपासून संगणकापर्यंत

शासनाने आपले अभिलेख संगणकावर घेतले म्हणजे ते आपोआप लोकांना खुले झाले, असा समज सर्वत्र रूढ आहे. महाराष्ट्रातील जमीन-अभिलेखांचा इतिहास या समजाला पुष्टी देत नाही. अभिलेख यंत्रात साठविणे ही एक क्रिया. ज्याच्या हक्काची ती नोंद, त्याला ती तपासता येणे व तीस हरकत घेता येणे ही निराळी क्रिया होय. यांपैकी दुसरी क्रिया पहिलीहून पुष्कळ जुनी आहे, आणि पहिलीची विश्वसनीयता दुसरीवरच अवलंबून राहिली, असे सातबाऱ्याच्या वाटचालीवरून दिसून येते.

मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५ पासून इंदापूर तालुक्यात केलेली पाहणी मुख्यतः साऱ्याच्या आकारणीसाठी होती. जमिनीवर कोणाचे कोणते हक्क आहेत याची पद्धतशीर नोंद ठेवण्याचा कायदा इलाख्यात १९०३ साली झाला. स्वातंत्र्योत्तर काळात महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या अधिनियमाने ही व्यवस्था एकत्र बांधली. गावनमुना सात हा अधिकार-अभिलेखाचा आणि गावनमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. दोहोंचा मिळून सातबारा झाला.

या संहितेतील दोन कलमे एकत्र वाचली पाहिजेत. कलम १५७ अन्वये अधिकार-अभिलेखातील प्रमाणित नोंद, तिच्याविरुद्ध सिद्ध होईपर्यंत अथवा तिच्या जागी नवी नोंद होईपर्यंत, खरी मानली जाते. परंतु एवढे वजन नोंदीला उगाच दिलेले नाही. कलम १५० अन्वये फेरफाराची नोंद होताच तिची प्रत चावडीत ठळक जागी लावणे आणि हितसंबंधितांना लेखी कळविणे तलाठ्यावर बंधनकारक आहे. हरकत आल्यास तिची चौकशी होऊन मगच नोंद प्रमाणित व्हावयाची. म्हणजे नोंदीच्या सत्यतेचे गृहीतक तिच्या जाहीरपणावर उभे आहे. व्यवहारात मात्र मूळ दप्तर तलाठ्याच्याच ताब्यात असे आणि खातेदाराला उताऱ्यासाठी त्याची गाठ घ्यावी लागे.

जमीन-अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्रीय योजना १९८८–८९ मध्ये सुरू झाली. महाराष्ट्रात पुढे हस्तलिखित उताऱ्यांतील मजकूर संगणकात भरण्यात आला. हे काम वरवर नकलेचे, पण नकलेत नावाचे एक अक्षर, क्षेत्राचा एक आकडा किंवा हिश्शाचा एक आणा चुकला, तरी तो यंत्राला चूक वाटत नाही. ती चूक ओळखू शकतो तो ज्याची जमीन आहे तो मनुष्य. वारसाची नोंद, पीककर्ज, वाटणीचा दावा हे सारे याच कागदावर ठरत असल्यामुळे लेखनिकाची क्षुल्लक चूक एखाद्या कुटुंबाला फार महाग पडू शकते.

या अडचणीवर जो उपाय योजण्यात आला तो यंत्रातला नव्हता. २०१७ मध्ये राज्यभर चावडी-वाचनाची विशेष मोहीम घेण्यात आली. संगणकीकृत उतारे गावोगाव खातेदारांसमोर वाचून दाखवून हरकती व दुरुस्त्या मागविल्या गेल्या. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा प्रारंभ झाला. तोपर्यंत संकेतस्थळावर दिसणारा उतारा केवळ माहितीपुरता असे. स्वाक्षरीने तो कायदेशीर कामास ग्राह्य झाला. हा क्रम अर्थपूर्ण आहे : आधी गावाने ऐकले, मग शासनाने सही केली.

हा टप्पा गाळल्यास काय होते, याची चर्चा शेजारच्या कर्नाटकातील ‘भूमी’ प्रकल्पाच्या संदर्भात झाली आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी त्या राज्याने सुमारे दोन कोटी उतारे संगणकावर आणले व त्याचे कौतुकही झाले. तथापि सोलोमन बेंजामिन व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये असे प्रतिपादन केले की, बंगळूरच्या परिसरात या माहितीचा लाभ लहान शेतकऱ्यापेक्षा जमिनीच्या मोठ्या व्यवहारांत गुंतलेल्यांना अधिक झाला. मायकेल गर्स्टीन यांनी २०११ मध्ये याच उदाहरणाच्या आधारे खुल्या माहितीच्या पुरस्कर्त्यांना प्रश्न केला : माहिती खुली आहे, पण तिचा उपयोग करण्याचे सामर्थ्य कोणापाशी आहे?

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ यातील कलम ४ ने अभिलेख संगणकीकृत करण्याचे आणि मागणीवाचून माहिती प्रसिद्ध करण्याचे कर्तव्य शासनावर टाकले. महाराष्ट्राने १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर लागू करून आणखी एक पाऊल उचलले. गावनमुना बारामधील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतःच भ्रमणध्वनीवरून करावयाची झाली. अभिलेखाचा श्रोता येथे त्याचा लेखक झाला. मात्र ज्याच्याजवळ असा भ्रमणध्वनी नाही, किंवा असूनही तो चालविता येत नाही, त्याला पुन्हा दुसऱ्याच्या हाताकडे पाहावे लागते. तलाठ्याच्या दप्तराची जुनी अडचण अशा ठिकाणी नव्या रूपाने उभी राहते.

तेव्हा शासकीय अभिलेख किती प्रमाणात संगणकावर आले, हे खुलेपणाचे पुरेसे मोजमाप नव्हे. नोंद चुकली असता सामान्य खातेदाराला ती कळते काय, आणि कळल्यावर त्याची हरकत ऐकून घेणारी चावडी शिल्लक आहे काय, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरच त्याचा निर्णय करावा लागेल.